लक्सरचा ग्रहण-आठवडा: पहाटेचा व्याध ते भरदुपारच्या चांदण्या

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आपल्याकडे त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. इजिप्तमधल्या लक्सरमध्ये त्या दिवशी दुपारी एक वाजून गेल्यावर सूर्य सुमारे ६ मिनिटं २० सेकंद पूर्ण झाकला जाईल. या ग्रहणाची कमाल खग्रास स्थिती ६ मिनिटं २३ सेकंदांची आहे आणि तो बिंदू लक्सरच्या आग्नेयेला, वाळवंटात पडतो. यापेक्षा लांब खग्रास ग्रहण थेट २११४ साली होईल.

२२ जुलै २००९ चं ग्रहण अनेकांच्या लक्षात असेल. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा खग्रासचा पट्टा होता आणि पावसाळी ढगांनी बहुतेकांची निराशा केली. २०२७ चं ग्रहण त्याच घराण्यातलं आहे. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. त्या जादा ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पट्टा तेवढाच पश्चिमेला सरकतो. २००९ मध्ये ढगांत गेलेलं ग्रहण यावेळी जगातल्या अत्यंत कोरड्या आकाशाखाली येतंय. ऑगस्टमध्ये लक्सरला ढग जवळजवळ नसतातच. अडचण असते ती उन्हाची आणि क्वचित धुळीची.

अमावास्या असल्यामुळे ग्रहणाच्या आगेमागे आठवडाभर रात्री काळ्याभोर मिळतात. म्हणून फक्त ग्रहणासाठी दोन दिवसांची धावपळ करू नका. ३० जुलैला लक्सरला पोचा आणि ४ ऑगस्टपर्यंत थांबा. त्या रात्री आणि पहाटा म्हणजे ग्रहणाची तालीम आहे. सूर्य झाकला की भरदुपारी जे तारे दिसतील, ते आपण महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या रात्री बघतो तेच असतील: मृग, व्याध, मघा. ते ओळखीचे असले तर त्या सहा मिनिटांत नकाशा चाळावा लागत नाही.

जागा आणि घड्याळ

लक्सर सावलीच्या पट्ट्याच्या मध्यरेषेच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे आणखी काही सेकंदांसाठी वाळवंटात आत जाण्यात अर्थ नाही. शहरात किंवा नाईलच्या पश्चिम तीरावरच्या गावांत मोकळी जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि सावली मिळत असेल तर तीच जागा उत्तम. सावलीचा पट्टा सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे. तुम्ही त्याच्या कडेला नाही, मधोमध आहात.

इजिप्तमध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून भारतीय वेळ तिथल्या वेळेच्या अडीच तास पुढे. पंचांगातले शब्द इथे चोख बसतात. स्पर्श, म्हणजे चंद्राचा पहिला घास, साडेअकराच्या पुढेमागे. संमीलन, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणं, १ वाजून २ मिनिटांच्या सुमारास. उन्मीलन १ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास आणि मोक्ष अडीचच्या आसपास. सेकंदांपर्यंतची वेळ आपल्या नेमक्या अक्षांश-रेखांशांवरून ग्रहणाच्या अ‍ॅपमध्ये काढून कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी एवढी माणसं एकाच वेळी फोन वापरतील की नेटवर्कवर विसंबण्यात धोका आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर असेल, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. दोन मीटर उंच भिंतीची सावली जेमतेम २८ सेंटीमीटर पडेल. भिंतीच्या आडोशाला बसू म्हणणारे होरपळतात. आणि छत्री किंवा कनात डोक्यावर धरली की ती सूर्यालाच झाकते. त्यामुळे खंडग्रास टप्प्यात पद्धत अशी ठेवा: बसायचं कनातीखाली, दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन अर्धा मिनिट चष्म्यातून बघायचं, परत आत. खग्रासच्या दहा मिनिटं आधी मात्र सगळ्यांनी बाहेर. तोवर ऊन इतकं मंदावलेलं असतं की बाहेर झोपणं सुसह्य होतं.

हो, झोपणंच. उभं राहून सहा मिनिटं मान मागे टाकली की चक्कर येते. खाली जाड सतरंजी किंवा गोधडी, तिच्याखाली फोमची पट्टी, कारण वाळू चटके देते. पाय दक्षिणेकडे करून उताणे झोपा. सूर्य तुमच्या नजरेच्या मध्यावरून किंचित पायांकडे येईल, डावा हात पूर्वेला आणि उजवा पश्चिमेला. पुढे डावं-उजवं म्हटलं आहे ते या झोपण्यावरूनच.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ५ ते ६ लिटर. तापमान ४० अंशांच्या वर जातं, हवा कोरडी असल्यामुळे घाम दिसत नाही आणि पाणी कमी पडतंय हे डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही. ओआरएसची पाकिटं न्याच. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरची माणसं ग्रहणाचे वेध पाळत असतील तर अन्न न घेणं समजू शकतो, पण त्या उन्हात पाणी सोडू नका, विशेषतः वयस्कांनी आणि मुलांनी. ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय इजिप्तमध्ये त्याला बंदी आहे.

डोळे आणि फिल्टर

चष्मा आयएसओ १२३१२-२ मानकाचा हवा. तो घालून खोलीतल्या वस्तू, खिडकी, रस्ता यातलं काहीच दिसता कामा नये. सूर्य तेवढा नारिंगी किंवा पांढुरका टिकलीएवढा दिसावा. ओरखडा, टाचणीएवढं भोक, सुरकुतून सुटलेली कडा दिसली तर तो चष्मा कापून टाका, म्हणजे चुकून लहान मुलाच्या हाती लागणार नाही. वेल्डिंगची काच चालेल ती फक्त १४ नंबरची. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, सीडी, गॉगलवर गॉगल, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब यातलं काहीही चालत नाही. यातून प्रकाश कमी दिसतो, पण न दिसणारे अवरक्त किरण आत येतात. दृष्टिपटलाला वेदना नसते, त्यामुळे इजा होताना कळतही नाही.

ग्रहणचष्मा डोळ्यावर असताना दुर्बिणीतून कधीही बघू नका. दुर्बीण एकवटलेला प्रकाश त्या पातळ फिल्मवर टाकते, फिल्म क्षणात वितळते आणि पुढचा निशाणा डोळाच असतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या, मोठ्या भिंगावर.

१० बाय ५० च्या दुर्बिणीसाठी तो घरी करता येतो. बाडर अ‍ॅस्ट्रोसोलरची ५.० घनतेची ए-४ आकाराची एक फिल्म दोन्ही नळ्यांना पुरते. ३.८ घनतेची फिल्म छायाचित्रांसाठी असते, ती डोळ्यांनी बघायला वापरू नका. पुढच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा, बहुतेक ५६ ते ६० मिलिमीटर भरतो. नळीभोवती वर्तमानपत्राचा एक वेढा द्या आणि त्यावर ५ सेंटीमीटर रुंद जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून डिंकाने चिकटवा. डिंक वाळल्यावर कागद काढून घ्या, म्हणजे टोपी घट्ट पण सरकणारी होते. पट्टीच्या एका कडेला दर सेंटीमीटरवर एक सेंटीमीटर खोल चिरे देऊन पाकळ्या बाहेर वळवा. मग पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा: आतलं भोक नळीच्या व्यासाएवढं, बाहेरचा व्यास त्याहून ३ सेंटीमीटर जास्त. एका चकतीवर दुतर्फी टेप लावून ती फिल्मवर ठेवा. फिल्म पातळ कागदावर सपाट अंथरलेली असावी आणि तिच्यावर बोटं उमटवू नयेत. ताणू नका. फिल्मला लहरी असल्या तर चित्र बिघडत नाही, ताणली तर बिघडतं. दुसरी चकती वरून चिकटवा आणि हे सँडविच पाकळ्यांवर डिंकाने बसवा.

अंधाऱ्या खोलीत मागून जोराचा टॉर्च लावून तपासा. सुईच्या टोकाएवढा एखादा ठिपका उजळ दिसला तर काळ्या मार्करने बुजवा. त्याहून जास्त असतील तर फिल्म बदला. टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून बहुतेकजण चिकटपट्टी लावतात, आणि लक्सरच्या उन्हात तिचा गोंद पातळ होऊन ती नेमकी सुटते. त्याऐवजी टोपीच्या दोन बाजूंना भोकं पाडून रबर ओवा आणि ते दुर्बिणीच्या मधल्या सांध्याला अडकवा. खग्रास सुरू झाल्यावर दोन्ही टोप्या एका सेकंदात निघायला हव्यात. डोळे मिटून पाच-सहा वेळा काढून-घालून बघा.

दुर्बीण वापरात नसताना टॉवेलखाली पालथी ठेवा. उताणी पडलेली दुर्बीण सूर्य आत घेते आणि नेत्रभिंगाच्या आतल्या कड्या वितळवते.

सगळ्यात सुरक्षित साधन मात्र घरात असतं: पुरी तळायचा झारा. तो कमरेच्या वर, दीड मीटर उंचीवर आडवा धरा आणि खाली पांढरा कागद ठेवा. सूर्य डोक्यावर असल्यामुळे प्रत्येक भोकाचं चित्र सरळ कागदावर पडेल, सुमारे दीड सेंटीमीटरच्या चतकोरांची रांगच. हिशेब सोपा: भोकापासून जेवढं अंतर, त्याच्या साधारण १०९ व्या भागाएवढी सूर्याची प्रतिमा.

रात्री आणि पहाटा

लक्सरचे अक्षांश साधारण २५.७ उत्तर, पुण्याहून फक्त सात अंश वर. त्यामुळे आकाश परकं वाटत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे श्रावणाच्या तोंडावर ते ढगांआड असतं, इथे उघडं.

पूर्ण अंधार रात्री नऊच्या सुमारास होतो. दिवसभर उघड्या डोळ्यांनी वाळवंटात फिरलात तर रात्री डोळे अंधाराला सरावायला फार वेळ लावतात, म्हणून दिवसा गडद गॉगल आणि रुंद कडेची टोपी वापरा. रात्री किमान अर्धा तास पांढरा उजेड नको. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर लावा. फोन जवळ ठेवायचाच असेल तर पडदा लाल आणि अगदी मंद करून.

३० जुलैला प्रवासाचा थकवा असेल, त्या रात्री गच्चीवरूनच वृश्चिक बघा. नऊच्या सुमारास तो दक्षिणेला आपल्या सर्वांत वरच्या जागी असतो. तांबूस ज्येष्ठा क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या जवळजवळ चार मुठींवर. हात लांब केल्यावर मूठ सुमारे १० अंश, करंगळीचं नख १ अंश आणि ताणलेली वीत २० अंश. हे माप आठवडाभर उपयोगी पडेल.

३१ ची रात्र शहराबाहेर काढा. नदीवरच्या बोटीत राहत असाल तर डेकवरचे दिवे तासभर बंद ठेवायची विनंती आधीच करून ठेवा. नाहीतर पश्चिम तीरावरच्या डोंगरांपलीकडे, शहराचा उजेड डोंगरांआड जाईल असं ठिकाण शोधा, पण स्थानिक चालकाबरोबर आणि हॉटेलात सांगून. फराफ्राजवळच्या पांढऱ्या वाळवंटात रात्र काढायची इच्छा अनेकांना असते. तिथे मुक्कामाला परवानगी आणि वाटाड्या लागतो आणि ऑगस्टमध्ये तो प्रवास फार दमवतो. ग्रहणाआधी तो करू नका असं आम्ही आवर्जून सांगतो.

उघड्या वाळूवर बूट काढू नका, काढलेच तर झटकून घाला. विंचू रात्री बाहेर पडतात. छोटा अतिनील टॉर्च न्या. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो आणि लांबूनच दिसतो.

त्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान धनू राशीतल्या ताऱ्यांची किटली दक्षिणेला सर्वांत वर येते. तिच्या तोटीतून वाफ निघावी तशी आकाशगंगा वर चढते, आणि तोटीच्या टोकापाशीच आपल्या दीर्घिकेचं केंद्र आहे. दुर्बीण वृश्चिकाच्या नांगीवर धरा. मूळ नक्षत्राच्या डाव्या अंगाला दोन तारकागुच्छ आहेत, एम ६ आणि एम ७. एम ७ नुसत्या डोळ्यांनाही धुरकट डागासारखा दिसतो, दुर्बिणीत तो हिऱ्यांच्या मुठीसारखा फुटतो. अंधुक गोष्टींकडे थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. दृष्टिपटलाचा मधला भाग रात्री आंधळा असतो, कडेचा जागा असतो. मध्यरात्रीनंतर ईशान्येकडून देवयानी वर येते, तिच्यातली दीर्घिका एम ३१ दोन वाजता चांगली उंच असते. मीन-मेषेच्या आसपास पिवळसर शनी. याच दिवसांत दक्षिण डेल्टा कुंभ उल्कावर्षाव शिगेला असतो आणि ययातीच्या उल्काही सुरू झालेल्या असतात. उल्का बघायला दुर्बीण नको. पाठ टेकून, आकाशाचा जास्तीत जास्त भाग नजरेत घेऊन पडून राहा.

आता या आठवड्याची खास गोष्ट, जी ग्रहणाच्या गडबडीत बहुतेकांच्या हातून निसटेल.

व्याध उन्हाळ्यात सूर्याच्या तेजात लपलेला असतो. लक्सरच्या अक्षांशावर तो पहाटेच्या संधिप्रकाशात पहिल्यांदा परत दिसतो तो नेमका याच दिवसांत. प्राचीन इजिप्तमध्ये त्याचं नाव सोप्देत. त्याच्या या पहिल्या पुनर्दर्शनावरून नाईलच्या पुराची आणि नव्या वर्षाची चाहूल घेतली जाई. अस्वानच्या मोठ्या धरणानंतर पूर थांबला, तारा मात्र आपली वेळ पाळतोच.

बघण्याची रीत अशी. पश्चिम तीरावर, पूर्वेकडे नाईल आणि शेतं दिसतील अशी जागा आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवा. झाडं, विजेच्या तारा, उसाचे फड आड येऊ देऊ नका. तुम्हाला क्षितिजापासून दोन-तीन अंशांपर्यंत मोकळं हवं. पहाटे सव्वापाचला तिथे असा. आधी मृग शोधा, तो उभा आलेला असतो. बाणाचे तीन तारे खाली-उजवीकडे जिकडे रोखलेले दिसतात, त्या रेषेत क्षितिजाजवळ व्याध. ठीक पूर्वेपासून उजवीकडे दोन मुठींच्या थोडं आत. २ ऑगस्टला तो साडेपाचच्या थोडा आधी उगवतो आणि सूर्य सव्वासहानंतर. त्यामुळे ५:३५ ते ५:५० एवढीच फट मिळते. लवकर बघाल तर तो धुळीत बुडालेला, उशिरा बघाल तर आकाश उजळलेलं. दुर्बिणीने आधी सापडतो, मग नुसत्या डोळ्यांनी. हवेच्या जाड थरातून येत असल्यामुळे लाल, हिरवा, निळा असा भडकत असतो. सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी दुर्बीण खाली ठेवा.

३१ जुलैपासून रोज जा. व्याध दररोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. ३१ ला कदाचित दिसणार नाही, १ ला चुटपुटता दिसेल, ४ ला सहज. पहिल्यांदा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि दुर्बिणीने की डोळ्यांनी दिसला हे वहीत लिहा. हजारो वर्षांपूर्वी याच नदीकाठी लोक हेच काम करत.

१ ऑगस्टच्या रात्री आकाश कितीही खुणावलं तरी दहाला झोपा. जागरण झालेला माणूस ४० अंशांत दुपारी एक वाजता नीट बघू शकत नाही.

सहा मिनिटं

नऊला भरपेट नाश्ता, दहाला जागेवर. कनात, सतरंज्या, पाणी आणि पांढरी चादर अंथरून ठेवा. दुर्बिणीच्या टोप्या पुन्हा तपासा. साडेअकराच्या सुमारास चष्म्यातून उजवी, म्हणजे पश्चिमेची कड बघत राहा; पहिला चावा तिथे बसतो.

पहिला तासभर फारसं काही बदलत नाही. पाऊण वाजल्यानंतर उजेड विचित्र होतो, ऊन आहे पण त्यातला पिवळेपणा गेलेला. हाताच्या सावलीची एक कड धारदार आणि दुसरी पुसट दिसते. वारा बदलतो, चटका कमी होतो.

१२:५० ला झोपा आणि एका डोळ्यावर कापडाची पट्टी बांधा. हा डोळा अंधाराला सरावतो आणि खग्रासमध्ये सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाच्या दूरवर गेलेल्या फिकट झालरी तोच दाखवतो. चादर पायाशी अंथरलेली असू द्या. शेवटच्या मिनिट-दोन मिनिटांत तिच्यावर पाण्याच्या तळाशी हलतात तशा फिकट-गडद लहरी, छायापट्टे, सरकताना दिसू शकतात. नेहमीच दिसतात असं नाही. वायव्येच्या क्षितिजाकडे एकदा नजर टाका: सावली तिकडून येते, वादळासारखी काळी, पण आवाज न करता.

शेवटची कोर तुटून मण्यांची माळ होते, मग एकच मणी उरतो, हिऱ्याची अंगठी. इथपर्यंत चष्मा डोळ्यावरच. तो मणी विझला की एकाने मोठ्याने ‘झाकला!’ म्हणायचं आणि त्याच क्षणी टायमर सुरू करायचा. टायमरची पहिली घंटा ५ मिनिटांवर लावलेली हवी. चष्मा काढा, पट्टी काढा.

पहिले २० सेकंद डावी कड बघा. तिथे रंगावरणाची, म्हणजे सूर्याच्या कडेच्या पातळ थराची, गुलाबी-तांबडी रेघ असते आणि ती पटकन झाकली जाते. मग टोप्या काढून दुर्बीण लावा. काळ्या चकतीच्या कडेला सौरज्वालांचे लाल ठिपके, त्याबाहेर मोत्यासारखं पांढरं प्रभामंडळ. सूर्याची चालू आवर्तनातली शिखरावस्था २०२४ मध्ये येऊन गेली, त्यामुळे मंडळ सगळीकडे सारखं गोल नसून काही बाजूंना लांब पाकळ्या ओढल्यासारखं असण्याची शक्यता जास्त. दुर्बिणीत एका मिनिटाहून जास्त राहू नका.

दुसऱ्या मिनिटाला दुर्बीण छातीवर ठेवून आकाश बघा. सूर्याच्या उजवीकडे जेमतेम तीन अंशांवर, तीन करंगळ्यांवर, शुक्र. तो इतका जवळ आणि इतका तेजस्वी असेल की शोधावा लागणार नाही. त्याच बाजूला आणखी पुढे, साधारण मूठभर अंतरावर बुध. डावीकडे एक वीतभर गुरू आणि त्याला खेटून मघेचा तारा. आणि नैऋत्येला, क्षितिज व माथा यांच्या मधोमधपेक्षा जरा खाली, व्याध. पहाटे ज्याच्यासाठी डोळे ताणले तोच, आता भरदुपारी.

तिसऱ्या मिनिटाला उठून बसा. क्षितिजाभोवती चहूबाजूंना नारिंगी पट्टा असतो, जणू सगळीकडे एकाच वेळी संध्याकाळ झाली आहे. आसपासचे पक्षी, कुत्री, माणसं यांच्याकडे बघा. मग पुन्हा झोपा आणि चौथं-पाचवं मिनिट काहीही न करता, कुठलंही साधन हाती न घेता नुसत्या डोळ्यांनी बघा.

लांब खग्रासचा धोका तो लांब असण्यातच आहे. दोन मिनिटांच्या ग्रहणात सगळे सावध असतात, सहा मिनिटांत माणूस निवांत होतो, पुन्हा दुर्बीण लावतो आणि सूर्य उघडतो तेव्हा ती डोळ्यालाच असते. म्हणून ५ मिनिटांची घंटा झाली की दुर्बिणींना टोप्या, अपवाद नाही. त्यानंतर उजवी कड बघत राहा. तिथे गुलाबी रेघ उमटते, वाढते, आणि मग पहिला मणी फुटतो. ‘सुटला!’ आणि चष्मा डोळ्यावर.

कॅमेरा

पहिलंच खग्रास असेल तर कॅमेरा नेऊ नका. नेलात तर तो आपोआप चालेल असा लावा. ८२ अंशांवर बहुतेक ट्रायपॉडचं डोकं अडतं किंवा कॅमेरा मागच्या पायावर आपटतो. घरी रात्री डोक्यावरच्या चंद्रावर किंवा ताऱ्यावर सराव करा. ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर सूर्याची प्रतिमा सुमारे ३.७ मिलिमीटर येते. आयएसओ २००, एफ ८. सौरज्वालांसाठी एक हजारांश सेकंद, आतल्या प्रभामंडळाला साधारण साठांश, बाहेरच्याला अर्धा ते एक सेकंद. फोकस आधीच जुळवून टेपने बांधा, कारण उष्णतेने तो सरकतो. खग्रासच्या दहा मिनिटं आधी पुन्हा तपासा. कॅमेऱ्यावर ओलसर पांढरं फडकं, फोन सावलीत. उन्हात ठेवलेला फोन तापून स्वतःला बंद करतो, आणि हमखास एक वाजताच.

जे लक्सरला नाहीत

जेद्दाहमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रवासच करायचा नाही. शहर पट्ट्यात आहे आणि तिथेही खग्रास सहा मिनिटांच्या आसपास. तिथे समुद्राकाठची दमट हवा जास्त त्रास देते, बाकी सगळं वर सांगितल्यासारखंच. मुंबई, कोकण, गोवा इथे दुपारी उशिरा खंडग्रास आहे. ऑगस्टचे ढग फाटले तरच दिसेल, आणि चष्मा पूर्ण वेळ डोळ्यावर, कारण खंडग्रासमध्ये चष्मा काढायचा क्षण येतच नाही. विरळ ढगातून सूर्य मंद दिसला तरी नियम तोच.

३ ऑगस्टची संध्याकाळ

ग्रहण झालं की बहुतेक जण सामान बांधतात. एक संध्याकाळ आणखी थांबा. ज्या चंद्राने सूर्य झाकला तोच ३ तारखेला सूर्यास्ताच्या वेळी साधारण ३० तासांची कोर होऊन दिसतो. या वेळी पूर्व तीरावर या, कारण पश्चिम तीरावरचे डोंगर जवळून क्षितिज अडवतात. सूर्य सव्वासात ते पावणेआठच्या दरम्यान, साडेसातनंतर थोड्याच वेळात मावळेल. तो दिसेनासा झाल्यावरच दुर्बीण हातात घ्या आणि मावळला त्या जागेच्या डावीकडे एक-दीड मुठीवर, डोंगरांच्या जरा वर, ७:५० ते ८:०५ च्या दरम्यान शोधा. कोर केसासारखी बारीक असते आणि तिची न उजळलेली बाजूही पृथ्वीच्या उजेडाने धुरकट दिसते. तिच्या जवळच गुरू असेल. कालच्या दुपारी सूर्याच्या डावीकडे दिसला तोच.